भिंत बघायला आलेला पाहुणा

धाकलं माझं घर, त्याला कुडाचं गं दार
सुखानं येती नीज, नाही उशाला उधार

सुरेखाच्या आईचा, आवडाबाईचा आवाज तसा गोड नव्हता. थोडा घोगराच. जात्याच्या घरघरीत अर्धा बुडालेला, आणि मूठभर ज्वारी ओतायला हात थांबला की तेवढ्यापुरता एकटा उरणारा. सोयगावच्या त्या घरात, आईच्या मांडीला डोकं लावून पडलेल्या सुरेखाला पहिली ओळ ऐकू यायची. दुसरी येईपर्यंत डोळा पुन्हा लागलेला असायचा. त्यामुळे उधाराचा अर्थ तिला कळायला फार उशीर झाला. झोपेचा अर्थ मात्र लगेच कळला होता.

आईनं लग्नात सोनं बेताचंच घातलं, ओव्या मात्र पदर भरून दिल्या. त्या घेऊन सुरेखा संभाजीनगरला आली आणि देवळाईच्या अंगाला असलेल्या त्यांच्या गल्लीत उखाणेवाली म्हणून नावाजली गेली. हळदीकुंकू असो, बारसं असो, कुणाच्या पोरीची हळद असो, बायका तिला पुढं ढकलायच्या. ती पदर सावरायची, एकदा छताकडं बघायची, आणि यमक असं अलगद खाली उतरायचं की जणू तिथंच टांगलेलं होतं.

पण याचा एक तोटा झाला. सुरेखाला सरळ बोलता येईना. भाजीवाल्याशी यायचं, टँकरवाल्याशी तर फारच छान यायचं. मनातलं, दुखरं काही सांगायची वेळ आली की मात्र ते यमकात बसल्याशिवाय ओठाबाहेर पडत नसे. आणि यमकात बसलं की ऐकणाऱ्याला दुखणं दिसत नसे, यमकच दिसायचं.

सगळ्यात जास्त ते तिच्या नवऱ्याला दिसायचं. गोकुळ चितेगावच्या एका कंपनीत सुपरवायझर होता. हसला की शेजारच्या घरातलं मांजर उठायचं, असा आवाज. लहानपण भाड्याच्या एका खोलीत गेलेलं, तिथला मालक रात्री नऊला दिवा बंद करायला लावायचा; त्यामुळे स्वतःच्या घरात दिवे किती लावावेत याला त्याच्याकडं काही हिशोबच नव्हता.

घर घेतलं तेव्हा दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं एवढंसं अंगण. बाईच्या नावावर घेतलं तर व्याजात थोडी सूट मिळते असं बँकेतल्या साहेबानं सांगितलं, म्हणून घर सुरेखाच्या नावावर झालं. त्या दिवशी गोकुळनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. दारोदार जाऊन सांगत होता, "आजपासून मी हिचा भाडेकरू बरं का! हिनं काढलं तर मुक्काम तुमच्याकडं."

हसली होती सगळी गल्ली.

कर्ज हळूहळू उतरत होतं, आणि तेवढ्यात गोकुळला शोध लागला की घर म्हणजे दुभती म्हैस आहे. जेवढं कर्ज फिटलं तेवढं पुन्हा काढता येतं, वर थोडं जास्तच.

"अगं, घर आपलंच हाय. आपल्याच घरातून काढायलो ना? चोरी थोडीच हाय?"

पहिल्यांदा काढलं ते वरच्या मजल्यासाठी. चितेगावच्या कंपन्यांतल्या पोरांना खोल्या दिल्या की भाड्यातूनच हप्ता जाईल, असं गणित. सुरेखानं सही केली. त्या रात्री भाकरी थापता थापता ती गुणगुणली,

धाकलं माझं घर, त्यावर चढला मजला
हप्ता आला पाहुणा, जेवून तिथंच निजला

"निजला! वा! काय यमक टाकलंस!" ताटावर बसलेल्या गोकुळनं मांडीवर थाप मारली. "पुन्हा म्हण."

दुसऱ्यांदा काढलं ते घराच्या दर्शनी भागासाठी. निळ्या काचा आल्या, गच्चीच्या कडेनं रंग बदलणारे दिवे आले, आणि उरलेल्या पैशातून चंदेरी गाडी आली. अंगण लहान पडलं म्हणून गाडीचं पुढचं चाक पायरीवर चढवावं लागे.

दारी उभी गाडी बाई, तिचा रंग गं चंदेरी
तिच्या चाकाखाली माझ्या घराची पायरी

ही ओवी तर गोकुळनं रेकॉर्ड करून मोबाईलच्या स्टेटसला लावली. कंपनीतल्या तेरा जणांनी अंगठे पाठवले. पायरी कुणाला दिसली नाही.

मग एका दिवाळीनंतर कंत्राट संपलं आणि वरची पोरं गाद्या गुंडाळून निघून गेली. गोकुळचा ओव्हरटाइमही बंद झाला. फक्त तो पाहुणा गेला नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला जेवायला बसायचाच. एका महिन्यात सुरेखाचा भिशीचा नंबर लागला, ती सगळीच्या सगळी त्याच्या ताटात गेली.

एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. गोकुळ थांबला नाही, कारण त्याच्या मते अडचण कर्ज जास्त झाल्याची नव्हती, कमी पडल्याची होती. जालना रोडवरच्या एका फायनान्स कंपनीचा माणूस त्याला भेटला. जुनं सगळं कर्ज कंपनी फेडणार, वर तेवढीच रक्कम हातात देणार. त्यात आणखी एक मजला होईल, आणि सायलीचं लग्न लॉनवर होईल. सायली त्यांची एकुलती एक. एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची.

"आई, मला लॉन-बिन काही नकोय," सायली म्हणाली होती. "पण पप्पांना सांगणार कोण?"

सुरेखानं मनातल्या मनात मांडून पाहिलं होतं. नवा हप्ता गोकुळच्या पगारातून गेला की मागं दूध आणि किराणा तरी निघतो का? निघत नव्हता. हप्ते संपतील तेव्हा गोकुळ सत्तरीला टेकलेला असेल, आणि कंपनीतून तर अठ्ठावन्नलाच घरी बसवतात. हे तिला कळत होतं. बोलता येत नव्हतं.

आणि रोज सकाळी सडा टाकायला बाहेर आलं की समोर बन्सी टेलरची भिंत दिसायची. बन्सीनं पोराच्या दुकानासाठी घर गहाण टाकलं, दुकान चाललं नाही, हप्ते थकले. एक दिवस कंपनीची माणसं रंगाची बादली घेऊन आली आणि कंपाउंडच्या भिंतीवर हातभर लाल अक्षरांत लिहून गेली, की ही मालमत्ता आमच्याकडे गहाण आहे.

"वैनी, रंगाचा खर्च बी आमच्याच खात्यात टाकला त्यांनी," बन्सी मशीनवरून मान वर न करता म्हणाला होता. "निदान रंग तरी बरा निवडायचा."

त्याच्या बायकोनं, चंपाबाईनं, काही न बोलता भिंतीच्या बुडाशी गोकर्णाचा वेल लावला. वेल चढला, निळ्या फुलांनी अक्षरं झाकली. पण पाणी आठ दिवसाला येणारं. ऊन तापलं की पानं विरळ व्हायची आणि मधूनच एक शब्द डोकं वर काढायचा. बाकी सगळं झाकलेलं, तेवढा एकच शब्द: गहाण.

त्या रविवारी दोन पाहुणे येणार होते. फायनान्स कंपनीचा माणूस घराची किंमत करायला सकाळी येणार होता, आणि करमाडची मंडळी सायलीला बघायला दुपारी चारला. गोकुळनं दोन्ही गोष्टींसाठी मिळून एकच तयारी केली. काचा पुसल्या, कुंड्यांना गेरू लावला, दिवसाढवळ्या गच्चीवरचे दिवे लावून ठेवले.

"सकाळचा माणूस खूश झाला पाहिजे अन् दुपारचे बी," तो म्हणाला. "दोघंबी बघायलाच येणार."

पैठणहून त्याची थोरली बहीण आशाबाई मुद्दाम आली होती. ती सगळ्यांची आक्का. तिच्यापासून नव्या कर्जाची गोष्ट लपवून ठेवली होती, कारण आक्काला सांगणं म्हणजे पैठणच्या बसस्टँडवर भोंगा लावणं, असं गोकुळचं मत होतं.

सकाळचा माणूस सकाळी आलाच नाही. जालन्याला अडकलोय, येतो, असा निरोप आला. दुपारी करमाडकरांचा फोन आला की बायपासपर्यंत पोचलोय पण पुढं रस्ता सगळा खोदून ठेवलाय. गोकुळ गाडी काढून त्यांना आणायला धावला. सुरेखा स्वयंपाकघरात पोह्यांवर कोथिंबीर टाकत होती, सायली आत साडीच्या निऱ्यांशी भांडत होती. बेल वाजली आणि दार आशाबाईनं उघडलं.

दारात पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टातला तरुण. खांद्याला बॅग. बूट त्यानं उंबऱ्याबाहेर जोडीनं नीट लावून काढले. ते बघून आशाबाई तिथंच निम्मी पाघळली.

"या, या. एकटेच आलात? बाकीची मंडळी?"

"मी एकटाच असतो मावशी."

"बरं, बरं. बसा. आमचा गोकुळ तुम्हालाच आणायला गेला की! चुकामूक झाली वाटतं. नाव काय म्हणालात?"

"ऋतुराज."

आशाबाईला मुलाचं नाव राजे-रजवाड्यासारखं काहीतरी आहे एवढंच आठवत होतं. ते जुळलं. तिनं आत हाक मारून पोह्यांची बशी मागवली आणि समोरच ठाण मांडून बसली. ऋतुराजनंही बशी लगेच हातात घेतली. त्याच्या धंद्यात ही गोष्ट रोजचीच होती.

"बघायला गेलं की पोहे मिळतातच," तो समाधानानं म्हणाला.

"किती ठिकाणी गेलात आतापर्यंत?"

"आज? हे चौथं."

आशाबाईला ठसका लागला. "एका दिवसात?"

"रविवारी जास्त असतात मावशी. लोक घरी असतात ना."

"अन् त्यातलं एकबी पसंत पडलं नाय?"

"पसंतीचं माझ्या हातात नसतं. मी बघून सांगतो, वरचे ठरवतात."

आई-बापाच्या शब्दाबाहेर नाही, अशी आशाबाईनं मनात नोंद केली. पण पुढचे प्रश्न तिला झेपेनात. घर कुणाच्या नावावर आहे? बांधून किती वर्षं झाली? वरच्या खोल्यांत कुणी राहतं का? पावसाळ्यात कुठं ओल धरते? नळाला पाणी कितव्या दिवशी?

"आठव्या," आशाबाई कोरडेपणानं म्हणाली. "पण पोरीचं शिक्षण विचारा की आधी!"

ऋतुराजला प्रश्न कळला नाही. तेवढ्यात सायली चहाचा ट्रे घेऊन आली. मोरपंखी साडी, केसात गजरा, नजर खाली. ती समोर येऊन उभी राहिली. ऋतुराजनं बॅगेतून काडेपेटीएवढं यंत्र काढलं आणि तिच्याकडं न बघताच म्हणाला,

"मॅडम, जरा बाजूला होता का? मागची भिंत घ्यायचीय."

सायलीच्या खांद्यावरून एक लाल ठिपका सरकत भिंतीवर गेला.

आशाबाई ताडकन उठली ती थेट स्वयंपाकघरात. "सुरेखा, हे पोरगं चालायचं नाय बाई! पोरगी म्होरं उभी अन् ह्यो भिंतीकडं डोळे लावून बसलाय. लाल दिव्यानं मोजायलाय! हुंडा घ्यायची ही कोणती नवी तऱ्हा?"

सुरेखानं दारातून डोकावलं आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. तिच्यामागं ट्रे घेऊन परत आलेली सायली ओट्याला धरून हसत सुटली. हसता हसता गजरा सुटला. सुरेखालाही हसू आवरेना, पदर तोंडात धरून ती म्हणाली, "आक्का, तो सायलीला बघायला आला नाय. घर बघायला आलाय."

"तेच तर म्हणते मी!"

"तसं नाय. घराची किंमत करायला. कर्जासाठी."

आशाबाईनं हळू आवाजात विचारलं, "अजून?"

त्या एका शब्दानं सुरेखाचं हसू जागच्या जागी विरलं. सायलीनं ट्रे ओट्यावर ठेवला.

"तुझ्या मनात काय हाय?" आशाबाईनं विचारलं. "तुझी सही लागंल ना?"

सुरेखानं श्वास घेतला. डोळे आपोआप छताकडं गेले. "आक्का, धाकलं माझं घर..."

"गाऊ नको गं बाई. बोल."

पण बाहेरून ऋतुराजनं हाक मारली. मालकिणीचा घरासमोर उभं राहून फोटो लागतो म्हणे, कंपनीला दाखवायला.

सुरेखा फाटकाशी जाऊन उभी राहिली. पाठीमागं निळ्या काचा, वर भर उन्हात फिके पडलेले रंगीत दिवे. ऋतुराज रस्त्यात मागं मागं सरकत मोबाईल तिरका करत होता.

"थोडं डावीकडं, ताई. पदर नीट घ्या. हं. थोडं हसा."

पंचवीस वर्षांपूर्वी सोयगावच्या फोटो स्टुडिओत तिला असंच उभं केलं होतं. मागं रंगवलेला धबधबा होता. तो फोटो घेऊन आई दहा गावं फिरली होती.

"काय किंमत येईल हो?" तिनं न हलता विचारलं.

"चांगली येईल. या भागात भाव वाढलेत. साहेबांनी मागितलंय तेवढं सहज बसतंय."

"अन् हप्ता भरता नाय आला तर?"

ऋतुराजनं मोबाईल खाली घेतला. पोरगं वाईट नव्हतं. "ते माझ्याकडं नसतं ताई. मी फक्त भिंतीची किंमत करतो."

त्याच्या खांद्यावरून तिला समोरची भिंत दिसत होती. गोकर्णाला चार-पाच फुलं होती, खालची पानं पिवळी पडून झडली होती, आणि त्या फटीतून लाल शब्द तिच्याकडं बघत होता. फोटो निघाला त्यात सुरेखा हसली नव्हती.

चंदेरी गाडी वळणावरून आली आणि गोकुळ उतरता उतरता थबकला. मागच्या दारातून सखारामभाऊ उतरले, करमाडचे, खत-बियाण्याचं दुकान असलेले, पांढऱ्या मिशांचे. त्यांच्याबरोबर मुलगा इंद्रजीत. तो शेंद्र्याला नोकरीला होता, आणि मुलगी बघायला आल्यावर हात कुठं ठेवावेत हे कुणी सांगितलं नसल्यानं त्यानं ते खिशात ठेवले होते. मुलाची आई गुडघ्यांमुळे आली नव्हती.

"फोटो कशाचा चालला म्हणायचा?" सखारामभाऊंनी विचारलं.

"ते... महापालिकेचं," गोकुळ म्हणाला. "घरपट्टीचं मोजमाप."

"रविवारी?" सखारामभाऊ खरोखरच चकित झाले. "वा! आमच्याकडं सोमवारी बी कुणी फिरकत नाय."

आत आल्यावर खरा कार्यक्रम सुरू झाला. पोहे पुन्हा फिरले. सायली पुन्हा ट्रे घेऊन आली, आणि इंद्रजीतनं मात्र भिंतीकडं अजिबात बघितलं नाही. दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. थोड्या वेळानं वरून सायलीचं हसू ऐकू आलं. ती त्याला लाल ठिपक्याची गोष्ट सांगत असणार. आशाबाईनं सुरेखाला कोपरानं ढोसलं. जमतंय म्हणायचं.

सखारामभाऊ छताकडं बघत होते. "घर झ्याक बांधलंय तुम्ही."

"हे तर काहीच नाय!" गोकुळ सरसावून बसला. "अजून एक मजला चढवायलोय. अन् लग्न लॉनवर. मोठ्या लॉनवर. करमाडहून चार बस आणा, पाच आणा!"

"आमची तशी काय मागणी नाय बरं का."

"तुमची नसंल, माझी हाय! एकुलती एक पोरगी."

"ते खरं. पण झेपंल तसंच बघा."

"झेपण्याचं नावच काढू नका तुम्ही."

सुरेखा कोपऱ्यातल्या खुर्चीच्या कडेवर टेकली होती. तिला नवऱ्याचा राग येत नव्हता, हीच तर पंचाईत होती. दिवे बंद करायला लावणाऱ्या त्या जुन्या घरमालकाला हा माणूस अजून उत्तर देत होता. फक्त उत्तराचा खर्च तिच्या घरावर पडत होता.

ऋतुराज जिन्यावरून खाली आला. मोजमाप झालं होतं. त्यानं बॅगेतून एक कागद काढला आणि अदबीनं सुरेखापुढं धरला. "ताई, कंपनीनं सांगितलंय, जाताना तुमच्या संमतीची सही घेऊन ये. म्हणजे फाईल उद्याच पुढं जाईल."

"घरपट्टीचं!" गोकुळ घाईघाईनं म्हणाला. मग तिच्याकडं झुकून दबक्या आवाजात, "आत जा अन् कर पटकन."

सुरेखाच्या हातात कागद आला, पाठोपाठ पेन आलं. ती उठली. स्वयंपाकघराचं दार सात-आठ पावलांवर होतं. आत जायचं, ओट्यावर कागद ठेवायचा, नाव लिहायचं. मागं दोनदा तिनं हेच केलं होतं. आज सही केली तर समोरच्या भिंतीसारखी आपली भिंत कधी होईल एवढंच मोजायचं राहणार होतं. आणि नाही केली, बोलून दाखवलं, तर करमाडची माणसं ऐकत होती. गच्चीवरचं हसू अजून जिन्यातून खाली येत होतं.

"ताई," सखारामभाऊ म्हणाले, "आम्ही आल्यापासून तुम्ही एक शब्द बोलला नाय. आक्का फोनवर सांगत व्हत्या, तुम्ही उखाणे लई भारी घेता म्हणून."

"भारी म्हणजे?" गोकुळचा चेहरा उजळला. "अख्ख्या देवळाईत अशी बाई नाय! घे गं, एक होऊन जाऊ दे. नाव घे माझं."

वरून सायली आणि इंद्रजीत खाली आले होते, ते जिन्याच्या पायथ्याशी थांबले. ऋतुराज बूट घालायचा थांबला. सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, उखाणा सुरू व्हायच्या आधी येतं ते.

सुरेखानं सवयीनं छताकडं पाहिलं.

"धाकलं माझं घर..."

"वा!" गोकुळ म्हणाला.

पुढची ओळ तयार होती. तिला ती दिसत होती: नवा मजला, त्याच्यावर टेकलेलं आभाळ, आणि शेवटी नवऱ्याचं नाव, नेमकं यमकात. फार सुरेख ओळ होती. ती म्हटली असती तर सखारामभाऊंनी मान डोलावली असती, आक्कानं डोळे पुसले असते, गोकुळनं मांडीवर थाप मारली असती, आणि मग ती आत जाऊन सही करून आली असती. इतकी गोड ओळ होती, म्हणूनच तिनं ती गिळली. छतावरची नजर खाली आणली आणि ती थेट नवऱ्याच्या तोंडावर ठेवली.

"गोकुळ," ती म्हणाली.

नुसतं नाव. मागं यमक नाही, पुढं यमक नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं ते असं कधी उच्चारलं नव्हतं. आशाबाईचा हात तोंडावर गेला. मांडीवर थाप मारायला उचललेला गोकुळचा हात तिथंच राहिला. त्याला वाटलं, पुढं येईल काहीतरी.

आलं.

"हे घरपट्टीचं नाय, सखारामभाऊ. कर्जाचं हाय. घर आधीच दोनदा गहाण हाय, वरच्या खोल्या रिकाम्या हायेत, अन् पाच तारीख जवळ आली की मला झोप येत नाय." तिचा आवाज थोडा घोगरा झाला होता, आवडाबाईसारखा. "मला भ्या वाटतं. पहिल्या वेळेला बी वाटलं, दुसऱ्या वेळेला बी वाटलं. ह्यांनी यमक ऐकलं अन् मी ऐकू दिलं. लग्न ह्याच अंगणात लावू. गाडी इकून टाकली तर मांडवाला जागा व्हईल. सखारामभाऊ, तुम्हाला चालत असंल तर व्हय म्हणा, नसंल तर पोहे खाऊन सुखानं जा, राग नाय."

तिनं कागद ऋतुराजच्या हातात परत दिला आणि पेन गोकुळच्या वरच्या खिशात खोचलं.

"अन् तुम्ही पेढे वाटताना काय म्हणाला व्हता? मी हिचा भाडेकरू. तर मग मालकीण सांगती ते ऐका. मी सही करणार नाय."